घरातला इतिहासाचा तास: सोलापूरच्या पेठा आणि भीमेचा काठ

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांची भेट झाली की बोलणे फिरून फिरून इतिहासावर येते. गणिताला उदाहरणे असतात, विज्ञानाला स्वयंपाकघर आणि अंगण पुरते, भाषेला गोष्टींची कमतरता नसते. इतिहासाचे पुस्तक उघडले की मात्र मूल खिडकीबाहेर पाहू लागते आणि पालकही दोन पाने वाचून दाखवून थांबतात. दोष सनावळ्यांना दिला जातो. मला ते पटत नाही. क्रिकेटचे आकडे ज्या मुलांच्या जिभेवर असतात, त्यांना चार सन लक्षात ठेवणे जड जाण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकात मुलाला उत्तरे तयार मिळतात आणि ती ज्या प्रश्नांतून निघाली ते प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ही खरी अडचण आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मुलगा आठ वर्षांचा. दोघेही घरीच शिकतात. इतिहासाच्या तासाला आमच्याकडे एकच नियम आहे. कोणतेही विधान कानावर आले, मग ते पुस्तकातले असो, आजोबांचे असो वा माझे, की ‘हे कशावरून?’ असे विचारण्याचा मुलांना हक्क आहे, आणि उत्तर देणाऱ्याने एखादी वस्तू, एखादा लेख, एखादी जागा किंवा ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस पुढे केला पाहिजे. हा नियम पाळायचा तर सोलापूरसारखे गाव लाभणे हे भाग्यच म्हणावे लागेल. रायगड आणि वेरूळ आमच्यापासून लांब आहेत. पण हजार वर्षांचे पुरावे शहरात आणि भीमेच्या काठाने असे विखुरलेले आहेत की सकाळी डबा घेऊन निघावे आणि दिवेलागणीला घरी परतावे.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले तर मी हत्तरसंग कुडलचे नाव घेते. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, सीना नदी भीमेला मिळते. या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी मंदिरे आहेत. अंगभर शिवमुखे कोरलेले एक थोर शिवलिंग तेथे पाहायला मिळते. मुखांची संख्या ३५९ सांगितली जाते, आणि कोणतेही मूल तेथे गेले की ती स्वतः मोजून पाहिल्याशिवाय हलत नाही. पण आम्ही गेलो होतो ते शिलालेखासाठी. संगमेश्वर मंदिरातील एका दगडी तुळईवर शके ९४० चा एक लहानसा लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांच्या कामामुळे तो लोकांसमोर आला. त्या लेखाचा शेवट मराठीत आहे: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हा अर्थ मी मुलांना जाण्यापूर्वी सांगितला नाही. आदल्या आठवड्यात लेखाचे छायाचित्र समोर ठेवून त्यांना ओळखू येतील तेवढी अक्षरे वहीत उतरवायला सांगितली. देवनागरी वाचता येणाऱ्या मुलाला हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर एखादे अक्षर सापडते, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुलाला आधी ‘त’ सापडला, मग ‘व’. मुलीने ‘विजेया’ पर्यंत मजल मारली आणि पुढे अडली. प्रत्यक्ष मंदिरात गेल्यावर तिने मान वर करून बराच वेळ तुळईकडे पाहिले, तेव्हा कळले की समोरून पडणाऱ्या उजेडात अक्षरे दगडात बुडून जातात. बॅटरी अगदी बाजूने, दगडाला समांतर धरली की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि अक्षर उठून दिसते. अभ्यासकही हीच युक्ती वापरतात. लेखावर खडू, पीठ किंवा पाणी लावून तो वाचण्याची सवय पुष्कळांना असते. तसे करू नये, त्याने दगडाचे नुकसान होते, हेही मुलांना तेथेच सांगून झाले. मुलगी वाचत वाचत शेवटापर्यंत गेली आणि अर्थ कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘आई, म्हणजे त्या माणसाला ठाऊक होते का, की पुढे कोणीतरी येऊन हे वाचेल?’ या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात जागा नसते, आणि माझ्या दृष्टीने इतिहासाचे शिक्षण खऱ्या अर्थाने येथेच सुरू होते.

घरी आल्यावर शके ९४० म्हणजे इसवी सन किती, हे काढायचे होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शक आणि इसवी सन दोन्ही छापलेले असतात. दोहोंतील फरक ७८ वर्षांचा असतो, हे मुलाने स्वतः वजाबाकी करून शोधले, आणि उत्तर १०१८ आले. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला: हा सर्वांत जुना मराठी लेख आहे का? श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी असलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य पूर्वी आद्य मराठी लेख म्हणून शिकवले जाई. अलिबागजवळच्या अक्षी येथील लेखाचा काळ काही अभ्यासक शके ९३४ मानतात, तर इतरांना हे वाचन मान्य नाही. कुडलचा लेख या वादात भक्कम पुराव्यानिशी उभा आहे, कारण त्यावरचा शक स्पष्ट आहे. मी तिन्ही दावे मुलीपुढे ठेवले आणि निवाडा दिला नाही. ज्या प्रश्नावर विद्वानांचे एकमत नाही तो मुलांपासून लपवून ठेवण्याकडे मोठ्यांचा कल असतो. गोंधळ होईल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. वाद आहे म्हटल्यावर मुले सरसावून बसतात, कारण आपल्यालाही काही म्हणता येईल असे त्यांना वाटू लागते.

आता काळाच्या अंतराविषयी. आठ वर्षांच्या मुलाला हजार वर्षे आणि शंभर वर्षे सारखीच वाटतात; दोन्ही ‘फार पूर्वी’. त्यासाठी आम्ही गच्चीवर सुतळी बांधली. शंभर वर्षांना एक मीटर हे प्रमाण ठरवले आणि कठड्याच्या ज्या टोकाला सुतळीची गाठ मारली ते आजचे वर्ष मानले. १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे शहरावरचा लष्करी अंमल, त्या टोकापासून एका मीटरच्याही आत येतो. जुनी गिरणी सुरू झाली ती दीड मीटरवर. चांदबिबीचे लग्न साडेचार मीटरच्या पुढे, सिद्धरामेश्वर साडेआठ मीटरच्या आसपास आणि कुडलचा लेख दहा मीटरवर. आमची गच्ची तेथेच संपते. अशोक कोठे येईल, असे मुलाने विचारले. हिशेब केला तर तो बावीस मीटरच्याही पुढे, शेजाऱ्यांची गच्ची ओलांडून पलीकडच्या गल्लीत जात होता. मुलगा धावत खाली गेला आणि गल्लीत ती जागा शोधून उभा राहिला. ‘फार पूर्वी’ हे शब्द त्याने त्यानंतर वापरलेले मला आठवत नाहीत. तो आता मीटरमध्ये बोलतो.

भीमेच्या काठाने वर गेले की मंगळवेढ्याजवळ माचणूर लागते. सिद्धेश्वराचे मंदिर, घाट आणि पडक्या किल्ल्याचे अवशेष. शेजारीच ब्रह्मपुरी आहे. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात येथे तळ ठोकला होता, आणि हिंदुस्थानच्या बादशहाचा कारभार चार वर्षांहून अधिक काळ आमच्या जिल्ह्यातून चालत होता. ‘औरंगजेब दक्षिणेत उतरला’ हे वाक्य प्रत्येक मुलाने वाचलेले असते. पण तो १६८१ साली उत्तरेतून निघाला आणि १७०७ साली अहमदनगरला मरण पावला, म्हणजे पाव शतक तो इकडेच अडकून पडला होता, हे त्या वाक्यातून मुलाला जाणवत नाही. घाटावर बसून आम्ही नकाशा उलगडला. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या १६८९ मध्ये झाली, आणि तरीही लढाई संपली नाही, कारण राजाराम महाराज दूर तामिळ मुलखात जिंजीच्या किल्ल्यात होते आणि इकडे मराठ्यांच्या फौजा मोगलांची रसद तोडत होत्या. नकाशावर सातारा, पन्हाळा, विजापूर आणि जिंजी यांवर मुलीने बोट ठेवले आणि मग तिला विचारले की तू बादशहा असतीस तर छावणी कोठे टाकली असतीस. तिने नदी पाहिली, सपाट मैदान पाहिले, किल्ल्यांपासूनचे अंतर पाहिले. एवढ्या माणसांना आणि जनावरांना उन्हाळ्यात पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न तिचा तिलाच पडला, आणि ब्रह्मपुरीचे उत्तरही तिचे तिनेच दिले.

मुलांना त्या काळातली माणसे दिसली पाहिजेत, म्हणून मी प्रवाशांच्या नोंदींचा आधार घेते. जेमेली कारेरी हा इटलीचा प्रवासी मार्च १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगली येथील छावणीत पोहोचला आणि त्याने औरंगजेबाला जवळून पाहिले. पांढरी दाढी, पांढरे मलमली कपडे, हातात काठी, वयाने वाकलेला, आणि चष्मा न लावता लोकांचे अर्ज वाचून त्यावर स्वतःच्या हाताने शेरे लिहिणारा म्हातारा माणूस, असे त्याने वर्णन केले आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी छावणी ब्रह्मपुरीला आली. त्याच दशकात तिकडे जिंजीला कृष्णाजी अनंत सभासद राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर लिहीत होते. सुतळीवर या दोन घटनांच्या चिठ्ठ्यांची जागा जवळजवळ एकच येते. एकीकडे भीमेकाठी म्हातारा बादशहा, दुसरीकडे जिंजीला महाराजांच्या आठवणी लिहून काढणारा त्यांच्या दरबारातील माणूस. पाठ्यपुस्तकात या गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असल्याने त्या एकाच वेळी घडत होत्या हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

अफजलखानाची गोष्ट मुलांना आधीपासून पाठ होती. कोणत्या मराठी घरात ती नसते! त्या गोष्टीची गोडी कमी न करता ‘कशावरून?’ विचारता येते का, अशी शंका मला एका मैत्रिणीने विचारली होती. येते. खान १६५९ मध्ये विजापूरहून निघाला आणि तुळजापूर, पंढरपूर असा आला, हे नकाशावर काढले की तो आमच्या अंगणातूनच गेल्यासारखा वाटतो. मग वाईला जाणारा सरळ रस्ता सोडून तो या बाजूने का वळला असेल, यावर दोन्ही मुलांनी आपापली मते मांडली. प्रतापगडचा प्रसंग ऐकताना त्यांचे डोळे पूर्वीसारखेच मोठे होतात, आणि आता त्यासोबत खानाच्या फौजेला रोज किती दाणावैरण लागत असेल याचीही चर्चा होते.

श्रद्धेच्या गोष्टींपाशी अधिक जपून बोलावे लागते. सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात ते होऊन गेले, त्यांनी येथे तळे बांधवले, कन्नडमध्ये वचने लिहिली, आणि शहराच्या पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली असे परंपरा सांगते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेतलेले मानकरी त्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कुंभाराच्या कन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली, या कथेचा तो सोहळा आहे. ‘हे खरेच घडले का?’ असे मुलाने पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीत उभे राहून मोठ्याने विचारले. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याला जवळ घेतले आणि आपले वडील, आजोबा आणि पणजोबा याच कट्ट्यावर अक्षता टाकायला येत असत असे सांगितले. मी त्याला घरी आल्यावर एवढेच म्हटले की तळे आपल्याला दिसते, वचने आपल्याला वाचता येतात आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या ही कथा सांगत आले आहेत हे आपण कानांनी ऐकले; या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही जपण्यासारख्या आहेत. वचने वाचण्यासाठी मात्र कन्नड येणारे माणूस हवे. सोलापुरात ते शोधावे लागत नाही. शेजारच्या काकूंनी एक वचन कन्नडमध्ये म्हणून दाखवले आणि मग मराठीत समजावले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावातल्या पालकांनी या संपत्तीचा उपयोग इतिहासासाठी करून घेतला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन.

दिवाळीत मुले किल्ला करतात तो बहुधा डोंगरी. आम्ही एका दिवाळीत सोलापूरचा भुईकोट करायचे ठरवले. डोंगर नाही, तर शत्रूला अडवायचे कशाने, हा प्रश्न माती कालवतानाच पुढे येतो. दुहेरी तटबंदी, बुरूज, भोवती खंदक आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलावाचे पाणी, हे सारे मुलांनी आधी बागेतून फिरून पाहिले आणि मग मातीत उतरवले. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला गेला. दोन राज्यांत त्यावरून कित्येक वर्षे भांडण होते. त्या सोयरिकीनंतर लवकरच, १५६५ साली, दक्षिणेतल्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. एका लग्नाचा आणि एका किल्ल्याचा एवढ्या मोठ्या घटनेशी संबंध असू शकतो, हे मुलीला मातीचा बुरूज थापता थापता कळले.

गिरण्यांचा इतिहास तर आमच्या घरातच बसलेला आहे. माझे सासरे, म्हणजे मुलांचे आजोबा, आयुष्यभर येथल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. वडीलधाऱ्यांना ‘तुमच्या वेळचे काहीतरी सांगा’ असे म्हटले की ते दोन वाक्ये बोलून थांबतात. त्यामुळे मुलांनी प्रश्न आधी लिहून घेतले. पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा, डब्यात काय असायचे, रातपाळीहून घरी कसे यायचे, पगार हातात किती पडायचा, बदली कामगार म्हणजे कोण. भोंग्याच्या वेळेवर आजोबांचे आणि त्यांच्या एका जुन्या सोबत्याचे एकमत होईना. दोघेही आपापल्या आठवणीवर ठाम होते. मुलगी दोघांची उत्तरे समोरासमोर लिहून बसली आणि तिने विचारले की दोघेही तेथे होते, तर मग फरक कसा. त्यावर आजोबांनी लोखंडी पेटीतून आपले एक जुने पगारपत्रक काढले. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला तो कागद जेमतेम वीतभर होता. त्यावर मूळ पगार, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात असे रकाने होते आणि खाली निळ्या शाईत सही. मुलाने प्रत्येक आकडा वाचला आणि बेरीज बरोबर आहे का ते तपासले. भोंग्याची वेळ त्या कागदावर नव्हती, पण पाळीचा रकाना होता, आणि त्यावरून त्या महिन्यात आजोबा रातपाळीला होते हे निघाले. आजोबांनाही ते आठवत नव्हते.

तेथून मागे जाणे सोपे होते. रेल्वे सोलापूरला १८६० साली पोहोचली आणि पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग येथे आधीपासून होते आणि पुढेही वाढत गेले. रेल्वे, कापूस, विणकरांची कला आणि दुष्काळाने शहराकडे लोटलेली माणसे, या चार चिठ्ठ्या मी टेबलावर मांडल्या आणि गिरणीसाठी मालकाने सोलापूरच का निवडले असेल ते शोधायला सांगितले. १८८४ साली निघालेल्या सरकारी गॅझेटियरचा सोलापूरचा खंड इंग्रजीत आहे. त्यातील विणकामाचे आणि दुष्काळाचे उतारे मी त्यांना मराठीत सांगत गेले. पालकांनी हा खंड अवश्य पाहावा. सरकारी अधिकाऱ्याने लिहिलेला असल्याने त्यात काय आले आहे आणि कोणाचा आवाज आलेला नाही, हेही मुलांना दाखवता येते.

सर्वांत अवघड धडा १९३० सालचा होता. त्यावर आम्ही इतर कोणत्याही विषयापेक्षा जास्त वेळ दिला. चार हुतात्म्यांचे पुतळे मुले लहानपणापासून पाहत आली आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही चार नावे मोठ्याने वाचली की मूल स्वतःच म्हणते, हे चौघे वेगवेगळ्या समाजांतले दिसतात. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाल्यावर शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालय जाळले आणि पोलिसांचेही जीव गेले. त्यानंतर काही दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता आणि काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी व्यवस्था सांभाळली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून खटला चालवण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. इकडे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तोंडावर आलेले होते.

मुलांना हे सांगताना पोलीस मारले गेले ही बाजू गाळावी असे काही स्नेह्यांनी सुचवले होते. मी ती गाळली नाही. चौघांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांची हकिगत अर्धवट सांगणे मला योग्य वाटत नाही. मुलीने ८ मे या एका दिवसाचे वेळापत्रक करायला घेतले: कोणत्या वेळी कोण कोठे होते, हे कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक होते. सरकारी बाजूने लिहिलेली हकिगत आणि सोलापूरकरांनी लिहून ठेवलेल्या आठवणी यांत तफावत आढळली, की ती दोन्ही नोंदी वेगवेगळ्या शाईने लिही. जमावाला शांत करणारे लोक त्या दिवशी रस्त्यावर होते आणि तरीही शिक्षा झाली ती पुढाऱ्यांना, हे तिच्या लक्षात आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने कुर्बान हुसेन यांच्याविषयी आणखी वाचायला मागितले, कारण ते ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत आणि लिहिणाऱ्या माणसाला सरकार का घाबरले असेल हे तिला जाणून घ्यायचे होते. धाकट्याला मी फाशीचा तपशील सांगितला नाही. त्याला चौघांची नावे, तारीख आणि त्यांनी कशासाठी प्राण दिले एवढे माहीत आहे. वेळापत्रक तो दोन-तीन वर्षांनी स्वतः वाचेल.

खेळ, बक्षिसे आणि प्रश्नमंजूषा यांनी इतिहास रंजक करावा असे सुचवणारे बरेच साहित्य आज उपलब्ध आहे. मी ते फारसे वापरत नाही. बक्षिसासाठी पाठ केलेले बक्षीस मिळताच विसरले जाते, असे मी आजूबाजूला पाहते. चित्रफिती मात्र आम्ही पाहतो, पण जागा पाहून आल्यानंतर. आधी पाहिल्या तर मुलांना त्या जागेत चित्रफितीतलेच दिसते. मोजके सन मी पाठ करायला लावते, कारण सुतळीवर चार खुंट्या पक्क्या नसतील तर बाकीच्या चिठ्ठ्या कोठे टांगायच्या हे कळत नाही.

परीक्षेची काळजी पालकांना असते आणि ती रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष टप्पे आहेत, आणि दहावीच्या परीक्षेला वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते. बालभारतीची इतिहासाची पुस्तकेही आमच्या घरी आहेत. चौथीचे शिवछत्रपतींवरचे पुस्तक मुलाने स्वतःहून वाचून संपवले. फरक एवढाच की पुस्तक आम्ही शेवटी वाचतो. जागा पाहून, प्रश्न विचारून, नोंदी करून झाल्यावर मूल पुस्तक उघडते तेव्हा ते तपासनीसासारखे वाचते: हे आपल्याला सापडले होते, हे नव्हते, आणि हे वाक्य कशावरून?

पुढचा टप्पा कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीचा ठरला आहे. पंढरपूर, माचणूर आणि कुडल ओलांडून आलेली आपली भीमा पुढे तेथे जाते. सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या परिसरातील एका जुन्या मंदिराचे छत कोसळले, तेव्हा मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेल्या शिळेवर अशोकाचा आज्ञालेख कोरलेला आढळला, आणि जवळच कनगनहळ्ळी येथील उत्खननात ‘रायो असोको’ अशी ब्राह्मी अक्षरे असलेले एक शिल्प मिळाले. ज्या अशोकाची जागा शोधण्यासाठी मुलगा गल्लीत धावला होता, त्याचे नाव आपल्याच नदीच्या काठी दगडावर लिहिलेले आहे, हे ऐकल्यापासून त्याने ब्राह्मी बाराखडीचा तक्ता भिंतीला लावून घेतला आहे. ‘अ’ आणि ‘स’ त्याला आता ओळखता येतात. ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असल्याने तो त्याने पहिल्याच दिवशी पाठ केला. पावसाळा संपून नदीचे पाणी उतरले की आम्ही निघू. तोपर्यंत ‘र’ आणि ‘य’ यांची ओळख करून घ्यायची आहे.